शेपटीला इलॅस्टिक

मुलांची सोंगं शिवणाऱ्या बाईनं पोशाख समोरून कसा दिसतो हे आधी बघूच नये. आधी काखेत हात घालून बघावं, टोचतंय का. मग मानेशी, मग कमरेशी. आणि सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे, तो पोशाख घातलेलं मूल एकटं जाऊन शू करून परत येऊ शकतं का? या परीक्षेत परी, फुलपाखरू, रॉकेट आणि झाशीची राणी हमखास नापास होतात. झाशीच्या राणीच्या पाठीला बाहुली बांधलेली, कमरेला तलवार खोचलेली, त्यात काष्टा. तिला बाथरूमपर्यंत पोचवायला दोन बायका लागतात. गांधीजी मात्र दरवर्षी पहिल्या वर्गात पास. १९२१ साली मदुराईत त्यांनी पंचा नेसायचं ठरवलं, त्यामागं देशातल्या गरिबांचा विचार होता हे मला ठाऊक आहे. बालवाडीतल्या मावश्यांवर त्यांचे जे उपकार झाले ते मात्र इतिहासाच्या पुस्तकात आलेले नाहीत.

माझं मशीन मुंबईतल्या दिंडोशीत आहे. रिक्षावाल्याला मालाड सांगावं की गोरेगाव, याचा निकाल अजून न लागलेला हा भाग. मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेनं इथं डोंगराच्या पायथ्याशी साध्या नोकरदार माणसांसाठी हजारो घरं उभी केली. त्यांतल्याच एका घरात खिडकीखाली माझं पायमशीन बसलंय. घरं लहान, त्यामुळे मशीन मिटलं की त्यावर इस्त्रीचे कपडे, उघडलं की शिवण, आणि पाहुणे आले की ताटं. आमच्या विंगेत मशीन असलेली मी एकटी नाही, पण रात्री साडेनऊनंतर दार उघडणारी बहुधा एकटीच असावे.

कारण सोंगाची गरज नेहमी रात्रीच उपटते. शाळेचा निरोप मोबाइलवर दुपारीच आलेला असतो, तो आईला ऑफिसातून येऊन, कुकर लावून, भांडी विसळून झाल्यावर सापडतो. मग बेल वाजते.

‘काकू, जाग्या आहात ना? उद्या फॅन्सी ड्रेस आहे.’

‘काय व्हायचंय?’

‘ब्रोकोली.’

‘फ्लॉवर चालेल का गं? पांढरं कापड आहे माझ्याकडे.’

‘नाही ना काकू. फ्लॉवर दुसऱ्या मुलाला दिलंय.’

तेवढ्यात आईचं बोट धरून उभी असलेली ब्रोकोली डोळे चोळत जांभई देते आणि मी मशीनवरचे इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर ठेवते. हिरव्या परकराचं कापड, आत कातरणी भरलेल्या लहान लहान पुरचुंड्या, आणि त्या हेअरबँडवर धावदोऱ्यानं अडकवायच्या. ब्रोकोली अकरापर्यंत तयार होते. तिला दुसऱ्या दिवशी म्हणायची दोन वाक्यं मात्र तेव्हाही पाठ नसतात.

इथलं सोंगांचं वर्ष आषाढात सुरू होतं. एकादशीच्या सुमारास शाळाशाळांतून दिंड्या निघतात. मुलांना धोतर-बंडी, मुलींना नऊवारी. ही नऊवारी नेसवायची नसते, शिवायची असते. काष्ट्याच्या निऱ्या आधीच टिपून, कमरेला इलॅस्टिक घालून ती पायजम्यासारखी चढवतात. पूर्वीच्या आज्यांनी हे पाहिलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि मग हळूच स्वतःसाठी एक शिवून मागितली असती. डोक्यावरची तुळस प्लॅस्टिकची बरी, खऱ्या तुळशीची माती डोळ्यांत जाते.

या दिंडीत विठ्ठल व्हायचं काम सगळ्यात सोपं, असं आयांना वाटतं. काळा सदरा, पिवळं धोतर, गळ्यात माळ, आणि हात कमरेवर ठेवले की झाला विठ्ठल. पण चार वर्षांचा विठ्ठल हात कमरेवर ठेवणार किती वेळ? नाक खाजलं की पंढरपूर संपलं. म्हणून मी विठ्ठलाच्या सदऱ्याला कमरेपाशी दोन छोटे चोरखिसे शिवते. अंगठे त्यात अडकवले की हात आपोआप जागेवर राहतात. ‘देवाला कुठं खिसे असतात?’ असं एका आईनं विचारलं होतं. मी म्हटलं, युगानुयुगं उभं राहायचं म्हणजे लागणारच. शिवाय एका खिशात खडीसाखर ठेवता येते, दिंडी लांबली तर.

गोकुळाष्टमीला कृष्णांचं अमाप पीक येतं. मग पंधरा ऑगस्टचे नेते, गणपतीतला सोसायटीचा कार्यक्रम, बालदिन, शाळेचं गॅदरिंग, आणि फेब्रुवारीत शिवजयंती. तेव्हा एकाच वर्गात इतके शिवाजी महाराज जमतात की अफजलखान व्हायला कुणी उरत नाही. टिळकांच्या पगडीला पुठ्ठा आणि लाल सॅटिन लागतं. नेहरूंचं जाकीट बाबांच्या जुन्या पँटमधून निघतं. दाढ्यामिश्या काजळाच्या पेन्सिलीनं काढायच्या, आणि घाम फुटायच्या आत मुलाला स्टेजवर ढकलायचं. मुकुटांची पंचाईत मात्र २०१८ पासून झाली. त्या वर्षी राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमचे हलके, खडूसारखे कापता येणारे पांढरेशुभ्र मुकुट गेले. आता पुठ्ठ्यावर सोनेरी कागद. मुकुट जड झाले आहेत, पण समुद्राला आणि नाल्यांना ते थर्माकोल नको होतं हेही खरं. २६ जुलै २००५ ला पाण्यात उभ्या राहिलेल्या उपनगरांना नाला तुंबला की काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

हे सगळं फिल्मसिटीच्या शेजारी बसून करताना एक गंमत वाटते. डोंगराच्या पलीकडं चित्रनगरीत दिवसरात्र शिवणकाम चालतं. राजे, राण्या, नागिणी, सासवा, सगळ्यांचे भरजरी कपडे. ते कॅमेऱ्याच्या डोळ्यासाठी शिवलेले असतात. समोरून जर आणि मागून सेफ्टी पिना. कॅमेरा मागं जात नाही, म्हणून चालतं. आमचं उलटं आहे. आमचा नट स्टेजवर गेल्या गेल्या पाठ फिरवतो आणि विंगेतल्या आईकडं बघत राहतो. मागची शिवण नीट हवी.

ज्यांच्या नावानं ती चित्रनगरी आहे, त्या दादासाहेब फाळक्यांना मात्र हे घरचं प्रकरण चांगलं कळत असणार. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, १९१३ साली, रोहिदास झाला होता त्यांचाच मुलगा भालचंद्र. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके साडी नेसले. अख्ख्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत होत्या. आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाची सुरुवात मला फार आवडते. आधी पडद्यावर नुसता त्या मुलीचा चेहरा येतो, कुठलंही सोंग न घेतलेला. ती हसते, रुसते, घाबरते. प्रेक्षकांना सांगितलेलं असतं की ही सात वर्षांची मुलगी आहे, तिचे हावभाव पाहा. आणि मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा साज उमटतो. शंभर वर्षांपूर्वी त्या बापानं जे केलं, तेच आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेला प्रत्येक बाप शेजाऱ्याला कोपर मारून करतो. ‘ओळखलंत का? आमचीच ती.’ कृष्ण दिसला पाहिजे, पण आमची मुलगीही दिसली पाहिजे. म्हणून मी मुखवटे शिवत नाही. मुखवट्याच्या आत मूल घाबरतं, घामेजतं, त्याला नीट दिसत नाही, आणि आजीला नातू ओळखता येत नाही. चार पैशांचा काजळ-कुंकू चेहरा शंभर रुपयांच्या मुखवट्यापेक्षा चांगला, हे माझं ठाम मत आहे.

अलीकडं सोंगांच्या या वर्षात एक नवा सण घुसलाय, हॅलोविन. जनरल अरुणकुमार वैद्य मार्गावर आणि फिल्मसिटी रोडला जे उंच टॉवर झाले, तिथून तो आमच्या चार मजली इमारतींत उतरला. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलं भुतं, सांगाडे आणि चेटकिणी होऊन दारोदार फिरतात आणि चॉकलेटं गोळा करतात. आयर्लंड-स्कॉटलंडकडची ही जुनी चाल, तिथल्या लोकांबरोबर अमेरिकेला गेली आणि तिथून दुकानांतून जगभर. स्कॉटलंडची रीत मला जास्त पटते. तिथं मूल सोंग घेऊन दारात आलं की आधी गाणं म्हणतं, विनोद सांगतं, मग खाऊ घेतं. फुकट काही नाही. आमच्या शाळांतल्या ‘मी गाजर. मी डोळ्यांसाठी चांगलं’ या दोन वाक्यांचं तिथं नक्की चीज झालं असतं.

आमच्या इमारतीतल्या ज्येष्ठांना हे सहज पटणारं नव्हतं. ‘अवसेच्या तोंडावर पोरं भुतं होऊन दारात येतात, आणि आपण त्यांना गोळ्या द्यायच्या?’ असं तळमजल्यावरचे एक आजोबा म्हणाले. त्यात २०२४ साली कहर झाला. ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली. पहाटे उटणं लावून, मोती साबणानं अंघोळ करून, चिराटं फोडून ज्या मुलांना फराळाला बसवलं, तीच मुलं संध्याकाळी तोंडाला पीठ फासून हाडं रंगवलेले काळे टी-शर्ट घालून हजर. दारात रांगोळी, रांगोळीवर सांगाडा, सांगाड्याच्या हातात करंजी. आजोबांना शेवटी मी म्हटलं, ‘अहो, तुमच्या गावी शिमग्यात सोंगं येतात ना दारात? नाचतात, आणि पोस्त घेतल्याशिवाय हलत नाहीत. तेच हे.’ आजोबा राजापूरकडचे. जरा वेळ विचार करून म्हणाले, ‘मग तसं सांगा की. पण आमचा संकासुर नाचतो. ही पोरं नुसतीच उभी.’ आणि त्यांनी खरंच त्या सांगाड्यांना पॅसेजमध्ये नाचायला लावलं, मग एकेकाला चकली दिली. चॉकलेटाच्या बादलीत चकली पडल्यावर एका भुताचा चेहरा उतरला होता, पण दुसऱ्यानं ती तिथंच खाल्ली.

त्या संध्याकाळी सगळ्यात भाव खाल्ला तो एका चेटकिणीनं. शेजारच्या मुलीनं परदेशी टोपी साफ नाकारली होती. तिला व्हायचं होतं चिंची. ‘अलबत्या गलबत्या’ मधली. रत्नाकर मतकरींचं हे बालनाट्य २०१८ ला पुन्हा रंगमंचावर आलं, वैभव मांगले चिंची झाले, आणि मुलांच्या एका नव्या पिढीला आपली हक्काची चेटकीण मिळाली. या मुलीच्या बाबांनी लहानपणी दिलीप प्रभावळकरांच्या चिंचीबद्दल ऐकलेलं. म्हणजे घराण्याची चेटकीण. माझ्याकडं आल्या तेव्हा आईला काळजी नाकाची, आणि मुलीला आवाजाची. नाक मी जुन्या मोज्याच्या टाचेचं केलं, आत थोडा कापूस, मागं बारीक इलॅस्टिक. आवाज तिचा तिनं काढला. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत कुणाला बेल वाजवावी लागली नाही.

पण माझं खरं काम त्या वर्षी वेगळंच होतं. नातवाला भूत व्हायचं नव्हतं. भूत त्यानं कधी पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलेलं नाही ते काय व्हायचं, असं त्याचं म्हणणं. त्याला बिबट्या व्हायचं होतं.

बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटेल. दिंडोशीतल्या माणसाला वाटणार नाही. आमच्या मागच्या डोंगरावरून आरे आणि पुढं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल, आणि त्याला चहूबाजूंनी चिकटलेलं शहर. २०१५ साली झाडांना कॅमेरे बांधून मोजणी झाली, तेव्हा या जंगलात आणि आसपास ३५ बिबटे निघाले होते. ते फिल्मसिटीत दिसतात, आरेत दिसतात, आमच्या सोसायट्यांच्या सीसीटीव्हीत कुंपणाच्या भिंतीवरून चालताना दिसतात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘शुभ सकाळ’च्या फुलांमध्ये मधेच एक करडा, धूसर बिबट्या येतो आणि त्याखाली पाण्याची वेळ. वनखात्याची माणसं येऊन सांगून जातात: कचरा उघड्यावर टाकू नका, त्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागं तो येतो. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका. म्हणजे जगातली मुलं ज्याला भ्यायचं सोंग करतात, तसलं काहीतरी आमच्याकडं खरोखरच कुंपणाच्या पलीकडं बसलेलं असतं. आमच्या मुलांना उसनी भुतं कशाला लागतील?

नातवानं पहिल्याच दिवशी अटी घातल्या. ‘आजी, पट्टे नकोत. पट्टेवाला तो वाघ. आणि नुसते टिपके पण नकोत. टिपकेवाला तो चित्ता.’ बिबट्याच्या अंगावर फुलं असतात, असं त्याला उद्यानात सहलीला नेलं तेव्हा सांगितलेलं. बरोबरच आहे ते. बिबट्याचा ठिपका भरीव नसतो. काळ्या डागांचं तुटक कडं आणि आत गडद पिवळा रंग. प्रत्येक बिबट्याची नक्षी वेगळी, आणि कॅमेऱ्यातले फोटो लावून त्यावरूनच अभ्यासक ओळखतात की हा कोण आणि तो कोण. ‘म्हणून माझ्यासारखा दुसरा नको,’ असंही नातवानं बजावलं. घ्या! सोंगातसुद्धा ओळखपत्र.

कापडाचा प्रश्न नव्हता. ब्लाउजच्या अस्तराचं पिवळं सुती कापड घरात होतं. प्रश्न फुलांचा होता. ब्रशानं शेकडो कडी काढत बसले असते तर दिवाळी माझ्याविनाच झाली असती. तेव्हा भाजी चिरणाऱ्या सुनेनं विळीवरून भेंडीचा बुंधा उचलून दाखवला. भेंडीचा काप म्हणजे पाच पाकळ्यांचं कडं, मधे पोकळ. लहानपणी आपण सगळ्यांनी त्याचे ठसे कागदावर उमटवलेले असतात. कापडाच्या काळ्या रंगात भेंडी बुडवून पिवळ्या कापडावर दाबली, आणि समोर बिबट्या. जुनी, निबर भेंडी सगळ्यात चांगली, कोवळी दाबली की पसरते. भाजीवाल्याकडं निबर भेंडी मागणारी मी त्याच्या आयुष्यात पहिलीच असावे. त्यानं पैसेच घेतले नाहीत. ठसे वाळल्यावर उलट बाजूनं इस्त्री फिरवली की रंग पक्का बसतो आणि धुण्यात जात नाही. ठसे नातवानं आणि त्याच्या बाबांनी मिळून मारले, त्यामुळे पाठीवर फुलं दाट आणि पोटावर विरळ पडली. खऱ्याची नक्षी तरी कुठं अंगभर सारखी असते!

आता शेपूट. मुलांच्या पोशाखात शेपूट हा सगळ्यात अवघड भाग आहे, हे शिंप्यांनी लिहून ठेवायला हवं. शेपूट दिसली की दुसऱ्या मुलाचा हात तिच्यावर जातोच, हा निसर्गनियम. ती जर चड्डीला शिवलेली असेल तर शेपटीबरोबर चड्डीही येते, आणि मग सोंग सोडून सगळंच दिसतं. हनुमानांच्या बाबतीत हे गॅदरिंगमध्ये कैक वेळा घडलेलं आहे आणि त्याला मिळालेल्या टाळ्या हनुमानाला आयुष्यभर पुरतात. म्हणून शेपूट चड्डीला कधीही शिवू नये. रुंद इलॅस्टिकचा वेगळा पट्टा करावा, त्याला शेपूट पक्की टाचावी, आणि तो पट्टा सदऱ्याखाली कमरेला घालावा. कुणी ओढली तर ताणली जाते, सोडली की परत. ओढणाऱ्याचीच फजिती.

लांबीचाही प्रश्न असतो. बिबट्याची शेपूट खरं तर लांबलचक. ती झाडावर तोल सांभाळायला. पण आमच्या बिबट्याला झाडावर चढायचं नव्हतं, दिंडोशी मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर चढायचं होतं, कारण सोंग घालून त्याला मामाकडं जायचं होतं. म्हणून शेपूट गुडघ्याच्या वरच संपवली. नातवानं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, शहरातला बिबट्या आहे, जागेची टंचाई. हे त्याला पटलं, कारण आमच्या घरात सगळ्यांना हेच कारण सांगितलं जातं.

दुसरी एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे, आणि ती गमतीची नाही. दिवाळीच्या दिवसांत मुलांना नायलॉनची, जाळीची, चमचमत्या कृत्रिम कापडाची सोंगं घालून फिरवू नका. बाजारातली बहुतेक तयार सोंगं त्याच कापडाची असतात. पॅसेजमध्ये पणत्या, जिन्यात फुलबाज्या, आणि मधून लोंबत्या बाह्यांची चेटकीण. सुती कापडही पेट घेतं, पण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. चिंचीच्या झग्याच्या बाह्या म्हणून मी मनगटाशी इलॅस्टिक घालून बंद केल्या आणि घेर घोट्याच्या वर ठेवला. गळ्याभोवती बांधायची झूल असेल तर गाठ नको, वेल्क्रो लावा. कुणी ओढली तर ती सुटली पाहिजे. या सगळ्याला अर्धा तास जास्त लागतो आणि समोरून ते दिसत नाही. घरी शिवलेल्या सोंगातली खरी कामगिरी अशीच समोरून न दिसणारी असते. बक्षीस देणाऱ्यांना ती कळत नाही म्हणून बक्षीस नेहमी चमकीला मिळतं. मिळू दे.

भाड्याच्या सोंगांबद्दल मी वाईट बोलणार नाही. नोकरी करणाऱ्या आईनं रात्री दहाला करायचं तरी काय? भाड्याचा कृष्ण अर्ध्या तासात मिळतो. त्याला डांबरगोळ्यांचा वास असतो, जर मानेला टोचते, माप ‘पाच ते सात वर्षं’ असं असतं म्हणजे कुणालाच बसत नाही, आणि खिशात आधीच्या कृष्णाचं चॉकलेटचं वेष्टन निघतं. पण काम भागतं. अमेरिकेतसुद्धा १९३० च्या दशकापासून डब्यात भरलेली तयार सोंगं दुकानांत यायला लागली, तेव्हा तिथल्या आयांनीही सुटकेचा श्वास सोडला असेल.

माझी एक मैत्रीण नातवंडांसाठी न्यू जर्सीला जाऊन राहिली होती. तिला तिथं वेगळाच शोध लागला. ऑक्टोबर संपताना तिकडं इतकी थंडी की सगळे राजे, राक्षस आणि पऱ्या वरून जाकीट घालून फिरतात. सोंग कुणाला दिसतच नाही. तिनं फोनवर विचारलं, काय करू? मी म्हटलं, जाकिटावरून माप घे. तिनं नातीला लोकरी जाकीट घालून मापं घेतली, वर दोन इंच दाब सोडला, आणि तिकडच्या त्या थंडगार गल्लीत एकटी तिची नात अंगभर राणी लक्ष्मीबाई दिसत होती. जरा लठ्ठ लक्ष्मीबाई, पण दिसत होती. दारं उघडणाऱ्या गोऱ्या आजीआजोबांनी विचारलं, कोण गं तू? तिनं पाठीवरची बाहुली दाखवून सगळी गोष्ट सांगितली. रीतसर, स्कॉटलंडच्या पद्धतीनं, आधी गोष्ट आणि मग खाऊ.

आणि बिबट्या व्हायला आमच्या मुलांना बाहेरच्या सणाची खरं तर वाटही बघावी लागत नाही. वसुबारसेच्या दिवशीच आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. आरेच्या वारली पाड्यांवर वाघदेवाला मानतात. अकोले-नाशिककडच्या डोंगरातल्या काही गावांत त्या दिवशी गुराखी पोरं वाघ, अस्वल, कोल्हा होतात, आणि बाकीची त्यांना हाकलतात. ‘पुन्हा येशील का?’ असा तो खेळ. २०२४ साली ती बारस हॅलोविनच्या तीनच दिवस आधी, २८ ऑक्टोबरला होती. पोशाखाला तिथं काही लागत नाही, चार पायांवर रांगलं की वाघ. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मग त्यांना पण भेंडीचे ठसे शिकवायला हवेत.’ त्याच्या आईनं विचारलं, ‘आणि त्यांनी तुला काय शिकवायचं?’ ‘ते मला हाकलतील,’ तो खुशीत म्हणाला.

तो पोशाख घालून त्याची मिरवणूक कशी झाली ते थोडक्यात सांगते. तळमजल्यावरच्या आजोबांनी त्याला बघून दार लावून घेतलं आणि आतून काठी आपटली, त्यामुळे त्याला कृतार्थ वाटलं. शेपूट बऱ्याच जणांनी ओढली. इलॅस्टिक टिकलं. तिसऱ्या मजल्यावर तो स्वतःच जाऊन शू करून आला. बक्षीस चिंचीला मिळालं, आणि ते योग्यच होतं.

शाळांना आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना माझी एवढीच विनंती आहे. निरोप आठ दिवस आधी पाठवा. भाज्या वाटताना घरात कुठल्या रंगाचं कापड आहे ते आईला विचारा. मंचाशेजारचं बाथरूम उघडं ठेवा. ‘ढग’ हा विषय देऊ नका. ढग शिवता येतो, पण दारातून आत जात नाही. आणि तुमच्यापैकी कुणाला बिबट्याची शेपूट हवी असेल तर ती आमच्याकडं पट्ट्यासकट आहे. कधीही मागा, रात्री साडेनऊनंतरसुद्धा. फक्त परत देताना धुऊन द्या.